नुसती निवृत्ती

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मला चौदा बायका हव्या होत्या. वजन जास्त असलेल्या, आणि पाळी जाऊन वर्ष तरी उलटलेल्या. त्यांच्याकडून तीन महिने पाण्यात व्यायाम करून घ्यायचा, निम्म्यांना सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या द्यायच्या, आणि कोणाचा दम किती वाढतो ते मोजायचं. आज हे मी सरळ लिहिते आहे. तेव्हा ते माझ्या तोंडून निघत नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा कात्रजला डेअरीत कामाला. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर ‘विटाळ’ हा शब्दही घराबाहेर काढला होता. त्याचा मला अभिमान आहे. फक्त त्याच्या जागी दुसरा शब्द कोणी आणला नाही. आई नुसतं ‘ते’ म्हणायची. “ते आलंय का?” एवढ्यावर आमचं भागायचं.

बायकांनी भरायचा फॉर्म मी कसबा पेठेत एका डीटीपीवाल्या काकांकडे टाइप करायला नेला. टाइप करताना प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती. मागे दोन माणसं लग्नपत्रिकेच्या प्रुफासाठी थांबलेली. नाव, वय, वजन, उंची झालं. सहावा प्रश्न होता, ‘रजोनिवृत्ती होऊन किती वर्षे झाली?’ काकांनी “र... जो...” म्हणून चष्मा वर केला आणि माझे कान तापले.

“ते खोडा,” मी म्हणाले. “नुसतं निवृत्ती ठेवा.”

“निवृत्ती होऊन किती वर्षे झाली,” काकांनी खणखणीत वाचलं. कोणी मान वळवली नाही. मला हायसं वाटलं. संदर्भावरून कळेलच, असं मी मनाला समजावलं.

कोथरूडच्या एका पोहण्याच्या तलावावर दुपारी बायकांची वेळ असायची. चौदाही जणी आल्या. पोहता एकीलाही येत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. छातीभर पाण्यात उभं राहून चालायचं, गुडघे उचलायचे, हात पाण्याखालून ढकलायचे. मी काठावर शिट्टी घेऊन आकडे म्हणायचे. सुरुवातीला सगळ्यांचे पंजाबी ड्रेस फुग्यासारखे वर यायचे आणि अर्धा वेळ ते खाली दाबण्यात जायचा. जमिनीवर दोन जिने चढताना कठडा धरणाऱ्या बायका पाण्यात मात्र एकमेकींना मागे टाकायला बघत. बाहेर आल्यावर सात जणींना मी समोर उभं राहून गोळी द्यायचे.

“आणि आम्ही काय सावत्र?” उरलेल्यांपैकी एक आजी रोज विचारायच्या.

“आजी, तुमचा गट बिनगोळीचा.”

“हो, आम्ही आपलं क्लोरीन पिऊन दिवस काढतो.”

असं सगळं मजेत चाललं होतं. पाचव्या आठवड्यात बँकेतल्या काकू कोरड्या साडीत बाकावर बसलेल्या दिसल्या. त्या सगळ्यांत नियमित.

“काकू, आज उतरत नाही?”

“नाही गं. अडचण आहे.”

अडचण म्हणजे काय हे पुण्यात कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही. माझ्या हातातली शिट्टी तशीच राहिली.

“पण तुम्ही फॉर्मवर लिहिलंय ना, निवृत्ती होऊन एक वर्ष?”

“झालंच की. बँकेने व्हीआरएस काढली, मी घेतली. स्वेच्छानिवृत्ती.” मग माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, “तू कुठली विचारत होतीस?”

घरी जाताना बसमध्ये सगळे फॉर्म काढून बघितले. दोन वर्षं, चार वर्षं, एक वर्ष, एका ठिकाणी नुसती रेघ. यातली कुठली निवृत्ती कुठली, हे मला कळायला मार्ग नव्हता. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी आधीच बजावलं होतं की शेवटी दहा तरी जणी राहिल्या पाहिजेत, नाहीतर प्रकल्प पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणजे माझं वर्ष गेलं. काकूंचं एकटं नाव गुपचूप काढावं आणि बाकीच्यांना विचारूच नये, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू.

आई मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं.

“मग परत विचार की.”

“काय म्हणून विचारू?”

“पाळी म्हण. तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय?” मग मेथीकडेच बघत ती म्हणाली, “माझी गेली तू बारावीला होतीस तेव्हा. तुझा अभ्यास चालला होता म्हणून बोलले नाही.”

चौदा परक्या बायकांना मी कागदावर विचारलं होतं. आईला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी तिच्याबरोबर मेथी निवडत बसले, आणि त्या वर्षी तिला काय काय झालं होतं ते तिने पहिल्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकू सोडून बाकी सगळ्या पाण्यात उतरल्यावर मी शिट्टी वाजवली. “माझी चूक झाली आहे. फॉर्ममध्ये मला नोकरीबद्दल विचारायचं नव्हतं. पाळीबद्दल विचारायचं होतं. ज्यांची अजून येते त्यांनी हात वर करा.”

पाण्यातून दोन हात वर आले, आणि बाकावरून काकूंचा तिसरा.

“मी आपला शाळेतून रिटायर झाल्याचा आकडा टाकला होता,” हात वर केलेली एक म्हणाली.

“आम्ही घरीच असतो,” बिनगोळीच्या आजी म्हणाल्या. “मला वाटलं, स्वयंपाकातून निवृत्ती कधी, असं विचारतेय. म्हणून मी रेघ मारली. पण माझी दुसरी झाली आहे हो, चांगली दहा वर्षं.”

“ही स्वेच्छेने मिळत असती ना,” काकू म्हणाल्या, “तर बँकेपेक्षा मोठी रांग लागली असती.”

त्यानंतर व्यायाम झालाच नाही. कोणाला घाम फुटायचा, कोणाची झोप उडाली होती, कोणी सुनेवर उगाच ओरडायची, हे सगळं छातीभर पाण्यात उभ्याने बोलणं चाललं. मी काठावर बसून प्रत्येकीचा खरा आकडा लिहून घेतला. अकरा उरल्या. मॅडम रागावल्या, मग म्हणाल्या, “अकरा चालतील. पण जे झालं ते जसंच्या तसं लिही.” मोजणीतून गळलेल्या तिघी तरीही शेवटपर्यंत येत राहिल्या.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले सर पहिल्याच पानावर थांबले. “चौदातल्या तीन कमी का केल्या?”

“त्यांची पाळी अजून गेलेली नव्हती, सर. फॉर्मवर पूर्ण शब्द लिहायची मला लाज वाटली, म्हणून आधी कळलं नाही.”

सरांनी घाईने पान उलटलं. “बरं, बरं. पुढे सांगा.”

मी पुढे सांगितलं.