आधी लिहिलेला निकाल

कात्रजच्या पुढे, घाट लागायच्या आधी, पाण्याच्या बाटल्या भरणारा एक छोटा कारखाना होता. तिथे मी पाच वर्षं पाणी तपासत होते. मुलं मोठी झाल्यावर, चाळिशीला टेकता टेकता मिळालेली नोकरी. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून जायचे आणि पाचची परतीची बस चुकली की घरी सगळ्यांचे चेहरे वाचावे लागायचे.

प्रयोगशाळेत आम्ही दोघंच, मी आणि सर. सर तिथले मुख्य केमिस्ट. सत्तरीकडे झुकलेले, मंडईमागे राहणारे, जिभेला धार असलेले. बाटलीला कुणी मिनरल वॉटर म्हटलं की ते शांतपणे सांगायचे, हे बोअरचं पाणी आहे, आम्ही फक्त त्याला आंघोळ घातली आहे.

प्रत्येक बॅचमधलं थोडं पाणी गाळायचं, तो गाळणीचा कागद एका प्लेटवर ठेवायचा आणि प्लेट उबदार पेटीत दोन दिवस ठेवून द्यायची. पाण्यात जंतू असतील तर प्लेटवर ठिपके उगवतात. ते दोन दिवस सर एकही बाटली गोदामातून हलू देत नसत. लग्नसराईत मालक घायकुतीला येऊन फेऱ्या मारायचे. "जंतू काही आपले नोकर नाहीत," सर त्यांना म्हणायचे, "सांगितलं म्हणून लवकर उगवायला."

सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन ते पुढे ढकलत राहिले. आपण रजेवर गेलो की मालक दुसऱ्याच दिवशी गाड्या सोडतील, ही त्यांची खात्री होती आणि ती खरीच होती. तोवर तुमचे डोळे माझे, असं त्यांनी मला सांगून टाकलं होतं. मी प्लेट बघायचे, रजिस्टरमध्ये निकाल लिहायचे, ओळीवर बोट ठेवायचे आणि सर बोटाशेजारी सही करायचे.

वर्षभर एकही ठिपका दिसला नाही. मग मला एक शहाणपण सुचलं. प्लेट पेटीत ठेवतानाच मी पुढची सगळी ओळ भरून टाकू लागले. बॅच, निकालाची तारीख आणि 'आढळले नाहीत'. सही मात्र प्लेट बघितल्यावरच घ्यायची, हा माझा नियम होता. एकही प्लेट न बघता सोडली नाही, हे मी आजही स्वतःला सांगते. त्याचा काही उपयोग होत नाही.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, पाचच्या बसच्या घाईत, माझं बोट एक ओळ खाली पडलं. सरांनी तिथे सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरकारी तपासणी आली. अधिकारी सभ्य होते, आवाज न चढवणारे. त्यांनी पेटी उघडली, प्लेटवरचा नंबर बघितला आणि रजिस्टर मागितलं. प्लेट अजून पेटीत आणि निकाल आधीच सहीनिशी तयार, हे कसं, असं त्यांनी विचारलं. सरांना काही समजेना. त्यांनी मला ती ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली. तारखेपर्यंत आले तेव्हाच त्यांना सगळं कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि मग अधिकाऱ्यांकडे.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "विचारायचं ते मला विचारा."

अक्षर माझं होतं. मी टेबलाची कड धरून उभी होते आणि तोंडातून शब्द काढला नाही. नोकरी जाईल या भीतीने काढला नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

महिनाभर उत्पादन बंद राहिलं. सरांना घरी बसवलं, मला ठेवलं. ती प्लेट मी तिच्या वेळेला बघितली. स्वच्छ होती. मी आनंदाने सरांना फोन केला, आनंदाने, याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. त्यांनी एवढंच विचारलं.

"बाई, लिहिलंत तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का?"

त्यानंतर मी फोन केला नाही. भेटायला जायचं दर रविवारी ठरवत होते. दीड वर्षाने सर वारल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी गेले.

त्यांच्या पत्नीने मला ओळखलं नाही, सांगितल्यावर आत बसवलं. नोकरी सुटल्या सुटल्या सरांनी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं म्हणे. लख्ख दिसायला लागलं होतं. आता पुन्हा बोलावतील, म्हणून सकाळी आवरून बसायचे. कुणी बोलावलं नाही. काय घडलं ते त्यांनी घरात कधीच नीट सांगितलं नाही, दिसत नसताना सही केली ही चूक माझीच, एवढंच म्हणायचे.

सरांच्या पत्नीने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. सांगायचं ते माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

"तुमच्याबद्दल फार बोलायचे हो," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, माझे डोळे होत्या त्या बाई."

मी मान हलवली, पाणी प्यायले आणि निघाले.