ब्रेकवाल्या काकांचा वर्ग

वस्तीतल्या मुलांना राग आवरायला शिकवण्याचं काम ड्रायव्हरकाकांनी अंगावर घेतलं, तेव्हा काकूंना हसूच आवरेना. उभा जन्म बस चालवताना ज्या माणसानं सायकलवाल्यांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, तो आता पोरांना शांत राहायला शिकवणार!

"आधी दूध उतू गेल्यावर घर डोक्यावर घेणं थांबवा," काकू म्हणाल्या.

पण काकांना कारण होतं. त्यांची नात शाळेत जाणारी, नुकती उंच व्हायला लागलेली, आणि रागावली की दार असं आपटायची की भिंतीवरचं घड्याळ हले. "आजोबांवर गेलीय," असं घरात कौतुकानं म्हणायचे, आणि काकाही मिशीत हसायचे. मग एकदा भांडणात तिनं जिवलग मैत्रिणीची वही फाडली. मैत्रीण बोलेनाशी झाली. त्या संध्याकाळी न्हाणीघरात नळ सोडून पोरगी रडत होती, ते काकांनी ऐकलं. तेव्हापासून ते कौतुक त्यांना टोचायला लागलं. राग आवरण्याच्या वर्गासाठी माणसं शोधत एका संस्थेच्या ताई वस्तीत आल्या, तेव्हा सर्वांत आधी हात काकांचा वर गेला.

नात वर्गाला यायला तयार झाली, पण अटीवर. "माझ्या मैत्रिणींसमोर एकदा जरी ओरडलात ना आजोबा, तर मी परत पाऊल टाकणार नाही."

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरे. ताईंनी शिकवलेलं सोपं होतं: थांबायचं, श्वास सावकाश सोडायचा, मग आत काय होतंय ते मोठ्यानं सांगायचं. थांबण्यासाठी काकांनी आपली युक्ती काढली. राग आला की उजवा पाय जमिनीवर दाबायचा. "ब्रेक!" असं ते ओरडले की सगळी पोरं धाडकन पाय दाबत आणि खाली पेपर वाचणारी मंडळी छताकडे बघत. श्वासही झकास चाले. तिसरं मात्र काका घाईत उरकत. "ते तुमचं तुम्ही घरी करा," असं म्हणून खुर्च्या आवरायला लागत.

एके दिवशी सरावासाठी एकानं खुर्चीत बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला डिवचायचं ठरलं. पोरांनी अर्थातच काकांनाच बसवलं. टकलावरून झालं, पोटावरून झालं. काका मजेत हसत होते.

मग एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "काका, एवढी छान बस चालवायचात, तर शेवटी तुम्हाला डेपोत का बसवून ठेवलं?"

"गप्प बस!" काका कडाडले. "माझ्या बसला कधी ओरखडा नाही गेला! डोळ्यांमुळे बसवलं मला, डोळ्यांमुळे!"

चष्मेवालीचं तोंड एवढंसं झालं. नात उठली. दप्तर खांद्याला लावून दारापर्यंत गेलीसुद्धा.

"ब्रेक, काका, ब्रेक!" पोरांनी एकच गिल्ला केला. काकांनी पाय असा दाबला की चपलेचा अंगठाच तुटला. सगळे खो खो हसले. नात हसली नाही. काकांनी श्वास सोडला आणि चष्मेवालीला म्हणाले, "चुकलं माझं, बाळा."

"तिसरं राहिलं," दारावर हात ठेवून नात म्हणाली. "ते तुम्ही दर वेळी गाळता."

"अगं, ते मुलांसाठी असतं…"

तिनं दार उघडलं.

"घाबरलोय," काका एकदम म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "तू निघून जाशील म्हणून. आणि माझ्यासारखी होशील म्हणून. घरात सगळे मला वचकून असतात गं. पण जवळ येऊन कुणी बसत नाही."

आता दार आपटणार, म्हणून काकांनी डोळे मिटून घेतले. आवाजच आला नाही. डोळे उघडले, तर दार लागलेलं होतं, नात आतच होती आणि एक खुर्ची ओढत ओढत आणत होती. ती खुर्ची तिनं काकांच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली आणि बसली.

"हं," ती पोरांना म्हणाली, "पुढचा टोमणा कुणाचा?"