तळाशी बांधलेले डबे

आमचं शेत तलावाच्या पलीकडे. बायको रोज सकाळी नावेनं तिकडे जाऊन मेथी-पालक तोडून आणते आणि मी ती मंगरूळपीरच्या बाजारात नेतो. तिला पोहता येत नाही. जुन्या फायबरच्या नावेला मोटार बसवली तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता, कारण मोटारीच्या वजनानं नाव मागून दबायची आणि वारा सुटला की लाट थेट आत यायची.

मी स्वतःला मोठा कारागीर समजतो. मागची फळी उंच केली, पाणी उपसायला डबडं ठेवलं आणि फवारणीचे रिकामे डबे, झाकणं घट्ट लावून, तळाशी आवळून बांधले. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचो, तेवढंच माझं शास्त्र. बायकोला छाती फुगवून सांगितलं, "आता नाव भरली तरी बुडत नाही. बिनघोर बसत जाय." ती पंधरा दिवस बिनघोर बसली.

तलावावरच्या एका म्हाताऱ्या मासेमाराला मी हे डबे कौतुकानं दाखवले. तो म्हणाला, "पान्यानं भरून पाह्यली काय?"

मला रागच आला. दुसऱ्या दिवशी त्याच्यादेखत कमरेएवढ्या पाण्यात नाव उभी केली. मोटार काढून तिच्या जागी तेवढाच जड दगड बांधला. मी आत चढणार, तोच बायको म्हणाली, "मले बसू द्या. रोज जानं त मलेच हाय."

मी बादलीनं नाव भरू लागलो. पाणी फळीपर्यंत आलं, मागची बाजू खाली गेली आणि तळाचे डबे असे उसळले की नाव एका झटक्यात पालथी झाली. बायको तिच्याखाली. मी नावेचा काठ उचलून तिला ओढून काढलं. ती खोकत काठावर बसली.

"लेका, डबे वर बांध, दोन्हीकून काठाखाली," म्हातारा म्हणाला. "तळाले बांधले त भरलेली नाव उलटीच होते."

पंधरा दिवस मी तिला भर तलावात कशाच्या भरवशावर पाठवत होतो, या विचारानं मला जेवण गेलं नाही. संध्याकाळपर्यंत डबे वर बांधले, स्वतः बसून नाव भरली. काठापर्यंत बुडाली, पण सरळ राहिली.

सकाळी मोटार लावून मी तिला हाक मारली, "ये, आता काही भीती नाही."

तिनं टोपली डोक्यावर घेतली. "तवाही तुमी हेच म्हनत होते," म्हणाली, आणि तलावाच्या पाळीवरून पायी निघाली.