कोय, टाके आणि पहिली भाकर

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी मोताळ्याला जनावरांचा डॉक्टर म्हणून नवाच लागलो होतो. दवाखान्यात यायचे ते बैल आणि म्हशी. कुत्र्याला घेऊन कोण येतं! पण त्या उन्हाळ्यात रोहिणखेडकडची एक मावशी आपला कुत्रा कुणाच्या तरी बैलगाडीत घालून घेऊन आली. तिला ना मागे कोणी, ना पुढे. वांग्याच्या वाडीत एकटी राहायची, आणि रानडुकरं आली की हाच काय तो सोबती. त्यानं आंब्याची कोय गिळली होती. चार दिवस पोटात पाणी ठरत नव्हतं.

पोट उघडून आतडं चिरायचं होतं. कोय काढणं सोपं, खरी परीक्षा चीर बंद करण्याची. टाका सुटला की घाण पोटात, आणि खेळ खलास. कॉलेजातल्या मित्रानं मुंबईहून नव्या वैद्यकीय डिंकाची नळी पाठवली होती. चीर चिकटवायची, टाके नकोत. मी मोठ्या ऐटीत मावशीला ती दाखवली.

ती म्हणाली, "मंग गोधडीले टाके काऊन घालतो आमी? शिवा साहेब."

माझं डोकंच फिरलं. हिला काय कळतं? पण खरं सांगतो, ओल्या आतड्यावर तो डिंक धरेल याची मलाही खात्री नव्हती. नळी खिशात घातली आणि मेंढीच्या आतड्याच्या धाग्यानं बारीक टाके घातले. जाताना तिला दरडावलं की तीन दिवस फक्त घोट घोट पाणी, अन्नाचा कणही नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सायकल काढून वाडीवर गेलो. कुत्रा उठून बसला होता, शेपूट हलवत होता. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता! पण मावशीचे ओठ सुकले होते आणि चुलीत राख गार पडली होती. बरं नाही का, म्हणून विचारलं.

"पह्यली भाकर त्याची असते, साहेब. तो उपाशी असल्यावर मले घास कसा उतरन?"

खरं तर कुत्र्याला एक दिवसाचा उपास पुरला असता. पुढचे दोन मी माझ्या टाक्यांच्या भीतीनं वाढवले होते.

तिनं चूल पेटवून पातळ पेज केली. कुत्र्यानं ती चाटूनपुसून संपवली. मग तिनं भाकर थापली आणि तव्यावरून उतरलेली पहिली माझ्यापुढं ठेवली. खरं काय ते तिला सांगायची हिंमत झाली नाही. मान खाली घालून मी ती खाल्ली.