बिंदुमाधवशास्त्री आणि अमेरिकेची गादी

पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहणाऱ्या बिंदुमाधवशास्त्र्यांना अमेरिकेची फार काळजी लागून राहिली होती. सगळ्या अमेरिकेची नव्हे हो. तिकडे ते अवाढव्य वजनाचे मुष्टियोद्धे असतात ना, त्यांच्या खेळाचं पुढे कसं होणार, एवढीच. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या शेवटच्या हिवाळ्यात या माणसाला दुसरं काही सुचेना. कुणी मुंजीचा मुहूर्त विचारायला आला, तर पंचांगाचं पान उलटता उलटता शास्त्रीबुवा म्हणायचे, "तिकडची गादी आता फार दिवस टिकत नाही." मुलाचा बाप बिचारा गोंधळून जायचा.

शास्त्रीबुवा मुळात तंद्री लावणारे. घाटावरच्या छत्रीखाली लाकडी चौकीवर बसायचे, समोर पंचांग, आणि डोळे अर्धे मिटलेले. यात्रेकरू कुठून आला ते विचारायचे आणि तो उठून गेला की त्याच्या गावाला मनाने जाऊन यायचे. रामेश्वरचा समुद्र त्यांनी असाच पाहिला होता, बदरीनाथचं बर्फही. खरोखर जाण्याची सोयच नव्हती. बायको वारली त्या वर्षी त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. इथे मरण आलं की सुटका, फेरा संपला. आणि पूर्वेची हद्द म्हणजे समोरची गंगा. पलीकडच्या तीरावर जो मरतो तो पुढल्या जन्मी गाढव होतो, असं बनारसचं पोरगंसुद्धा थट्टेत म्हणतं. शास्त्रीबुवांना मात्र ही थट्टा वाटत नसे. नदीत स्नान करतानाही ते पायऱ्या सोडून फार पुढे जात नसत.

अशा माणसाकडे वॉल्टर आला. नदीपलीकडे रामनगरच्या बाजूला अमेरिकन फौजेची तात्पुरती छावणी पडली होती, तिथून सुट्टीच्या दिवशी सोजीर नावेने शहर पाहायला यायचे. गल्लीतल्या लोकांची अशी समजूत की अमेरिकन म्हणजे गोराच. आणि हा आला तो काळाभोर, दारातून आत यायला वाकावं लागेल एवढा उंच, खांदे असे की गल्ली भरून गेली. बायाबापड्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव भीमसेन पाडलं. बोलायला मात्र इतका मऊ, की ऐकायला पुढे सरकावं लागे.

शास्त्रीबुवांना इंग्रजी येत नव्हतं. धाकटी मुलगी लीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तीच मध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगायची.

"अण्णा, हा म्हणतो, तो मुष्टियुद्ध खेळतो. सगळ्यात बड्या वजनाच्या गटात. लढाई संपली की जगज्जेता कोण होणार, ते त्याला विचारायचंय."

"आत्ता कोण आहे?"

"आहे एक, पण तोही फौजेत आहे. लढाई संपेपर्यंत त्याची गादी तशीच कुलूप लावून ठेवलीय म्हणतो. तो आता वयाने वाढतोय, पाय जड होतायत. आणि नवीन पोरं तयार व्हायची तर ती सगळी बंदुका धरून बसलीयत. छावणीत रोज याच्यावर वाद चालतो. काही म्हणतात, आता तसा खेळच राहणार नाही."

शास्त्रीबुवा सरसावून बसले. गादी म्हटल्यावर त्यांना मठ दिसायला लागला. "मग महंताने शिष्य नाही नेमला? वारसाची चादर कुणाला देणार?"

लीलाने विचारलं. वॉल्टर हसला आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिला.

"तिकडे शिष्य महंताच्या तोंडावर ठोसा मारतो आणि गादी घेतो," लीला म्हणाली. "महंत पडला तर."

शास्त्रीबुवा आधी हादरले, मग विचार करत राहिले, आणि मग त्यांना ते एकदम पटलं. निदान कोर्टकचेरी तरी होत नाही, म्हणाले.

वॉल्टर पुढे म्हणाला, की आमच्या लोकांना तिकडे बसायला निराळ्या जागा, पाणी प्यायला निराळे नळ. पण ती एक गादी अशी आहे की तिच्यावर आमच्यातला बसला, तर सगळ्यांना मान वर करून बघावं लागतं. मला तिथे बसायचंय. बसेन का, एवढंच सांगा.

त्याला जन्माची वेळ पक्की ठाऊक होती. आई कापूस वेचायला निघाली होती, शेताच्या कडेला सूर्य नुकताच वर आला होता, तेव्हा हा झाला. तारीखही होती. शास्त्रीबुवांनी ती लिहून घेतली आणि पुढच्या रविवारी ये म्हणून सांगितलं.

त्या आठवड्यात शास्त्रीबुवा काशीत नव्हतेच म्हणा ना. चौकीवर देह तेवढा होता. ते कापसाच्या शेतातून चालत होते, आगगाडीत बसत होते, न्यूयॉर्कला उतरत होते. ते रिंगण त्यांना लग्नमंडपासारखं दिसायचं, चार कोपऱ्यांना चार खांब, दोऱ्या बांधलेल्या, वर झगझगीत दिवे आणि चहूकडे माणसांचा समुद्र. मध्ये आपला वॉल्टर, हाताला कापसाच्या उशा बांधलेल्या. समोरचा पडायचा. लोक उठून उभे राहायचे. मग कुणीतरी चांदीची छत्री आणायचं, कारण गादीवर बसताना छत्री लागतेच, अमेरिका झाली म्हणून काय झालं. लीला आमटी वाढायची आणि अण्णा निवलेल्या भाताकडे बघून हसत बसलेले असायचे.

आणि कुंडलीही तशीच निघाली. दहाव्या स्थानी, राजाच्या घरात, मंगळ कसा तळपत बसलेला. असा राजयोग शास्त्रीबुवांनी कुणा संस्थानिकाच्या पत्रिकेतही पाहिला नव्हता. रविवारी त्यांनी वॉल्टरच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "गादी तुझी. कुणी अडवत नाही." वॉल्टर त्यांच्या पाया पडला, आपल्या पद्धतीने, एक गुडघा टेकून. मग पुढचे काही रविवार तो नुसताच येऊन बसायचा. लीलाच्या हातची पुरणपोळी खायचा आणि शास्त्रीबुवांना डावा ठोसा कसा मारतात ते हवेत दाखवायचा.

शेवटच्या रविवारी निरोप घ्यायला आला तेव्हा शास्त्रीबुवा आत झोपले होते, त्यांना उठवू नका म्हणाला. छावणी उद्या हलणार होती. त्याला घरी सोडत होते, तिकडे गेल्या गेल्या एका बड्या उस्तादाकडे तो दाखल होणार होता. लीलाने विचारलं, इतक्यातच घरी कसं सोडलं? तर तो सहज म्हणाला, छावणीतल्या सामन्यात डोक्याला मार बसला, डाव्या कानाने ऐकू येत नाही, कधी कधी उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधार येतो. डॉक्टर म्हणतात, पुन्हा डोक्यावर ठोसा खाल्लास तर जगशील असं सांगता येत नाही. मी घाबरलो होतो, म्हणून तर तुमच्या वडिलांकडे आलो. आता नाही घाबरत.

लीलाला हे वडिलांना कसं सांगावं ते कळेना. संध्याकाळी शास्त्रीबुवा गच्चीवर संध्येला बसले तेव्हा ती दिवा घेऊन वर गेली. सूर्य आलमगिरी मशिदीच्या मागे उतरत होता. शास्त्रीबुवांनी अर्घ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं, ते तसंच धरून ते मावळतीकडे बघत राहिले. बोटांमधून पाणी गळून गेलं.

"लीले, माझ्याकडून घात झाला," ते म्हणाले.

झालं होतं असं. तिकडे दिवस तेव्हा इकडे रात्र, एवढं शास्त्रीबुवांना लीलानेच कधी काळी शिकवलं होतं आणि त्याचा त्यांना फार अभिमान. म्हणून त्यांनी वॉल्टरच्या जन्माची वेळ नीट काशीच्या वेळेत बसवली. तिथवर बरोबर. पण पुढे पत्रिका मांडताना आकाशही काशीचंच धरलं. साऱ्या हयातीत दुसऱ्या आकाशाखाली पाऊल न ठेवलेल्या माणसाला दुसरं आकाश सुचणार कुठून? त्या क्षणी तिकडे सूर्य उगवत होता आणि इथे मावळत होता. उगवतीच्या पोराची त्यांनी मावळतीची पत्रिका मांडली होती. सगळी घरं उलटी फिरली होती. मंगळ राजाच्या घरात नव्हताच. तो चौथ्यात होता, आईच्या घरात, उंबऱ्याच्या आत.

"राजयोग माझ्या चुकीत होता. त्याच्या कपाळी नव्हता."

तेव्हा लीलाने डॉक्टरांचं सांगितलं, आणि छावणी उद्या हलणार तेही. शास्त्रीबुवांनी पळी ताम्हनात ठेवून दिली.

"मी जाते सकाळी," लीला म्हणाली. "समजावून सांगते."

"तुझं तो ऐकायचा नाही. ज्या तोंडाने सांगितलं, त्याच तोंडाने परत घ्यावं लागतं. मलाच जायला हवं."

इतका वेळ दाबून ठेवलेलं लीलाच्या तोंडून निघालंच. "रामनगरला? ताईच्या वेळी नाही गेलात."

शास्त्र्यांची थोरली मुलगी शरदिनी रामनगरलाच दिली होती. बाळंतपणात ताप उतरेना तेव्हा तिच्या नवऱ्याने, विश्वेश्वररावांनी, रोज निरोप पाठवला, ती तुमची वाट बघतेय. नावेने जायला किती वेळ लागतो? शास्त्रीबुवा घाटावर उभे राहून जप करत राहिले. हद्द ओलांडली नाही. ती गेली. तिचं बाळही गेलं. तेव्हापासून रामनगरचं नाव या घरात कुणी काढत नव्हतं.

"नाही गेलो," शास्त्रीबुवा म्हणाले. "मला मोक्ष हवा होता." आणि रडले. लीलाने वडिलांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

पहाटेचं धुकं विरायच्या आत दोघं घाटावर आली. बेचन मल्लाह नाव सोडतच होता. त्याने शास्त्र्यांना पाहिलं आणि वल्हं हातात तसंच राहिलं. "गुरुजी, आप? उस पार?"

"हो बाबा. चल."

नाव पाण्यात सरकली तेव्हा शास्त्रीबुवांनी काठ घट्ट धरला होता. मग हळूहळू बोटं सैल झाली. घाट मागे जायला लागले, भोसल्यांचा दगडी वाडा आला, गेला. उन्हं चढली आणि सगळी काशी समोर उभी राहिली, पायऱ्यांवर पायऱ्या, धुराच्या रेघा, माणसं मुंग्यांएवढी. तरुणपणी पाहिली असेल कधी, पण ते आठवत नव्हतं. इतकी वर्षं ते तिच्या पोटात राहिले होते आणि तिचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पलीकडे वाळूवर पाय टेकला तेव्हा काहीच झालं नाही. वाळू गार होती, इतकंच.

छावणीत तंबू उतरवत होते. वॉल्टर आपल्या पेटीवर बसला होता. शास्त्र्यांना पाहून तो ताडकन उभा राहिला.

"मी चुकलो," शास्त्रीबुवा म्हणाले आणि लीला एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली. "तुझी पत्रिका मी उलटी मांडली. गादी तुझ्या नशिबात नाही. रिंगणात उतरू नकोस. पाहिजे तर माझ्यावर राग धर."

वॉल्टर हाताच्या मुठी बघत होता. त्याला राग आला होता, ते दिसत होतं. "मग कोण होणार?" त्याने विचारलं. "लढाईनंतर?"

"होईल कुणीतरी. गादी कधी रिकामी राहत नाही, आज हा, उद्या तो. तू नाही बसलास तर अमेरिकेचं काही अडायचं नाही. तुझ्या आईचं अडेल."

लीलाने ते सांगितलं, आणि मग अण्णांना न विचारता आणखीही काही सांगितलं. ही नदी ओलांडून त्यांनी काय घालवलंय, ते. वॉल्टर पुन्हा पेटीवर बसला. अगदी हळू काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?" शास्त्र्यांनी विचारलं.

लीलाने तोंड फिरवलं. "म्हणतो, नाही उतरणार. म्हणतो, माझा बाप माझ्यासाठी असा कधी आला नाही."

शास्त्र्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदा ठेवला होता तेव्हा आशीर्वाद म्हणून, आता नुसताच. मग ट्रकचा भोंगा वाजला आणि वॉल्टर पेटी उचलून गेला.

बेचन परतीसाठी थांबला होता. शास्त्रीबुवा नदीकडे न वळता गावाकडे वळले. "शरदीचं घर कुठल्या गल्लीत?" त्यांनी विचारलं. मुलीचं घर त्यांना माहीत नव्हतं. लीला पुढे झाली.

दार विश्वेश्वररावांनी उघडलं. ते उंबऱ्यातच थबकले. मग वाकून नमस्कार केला आणि बाजूला झाले. आतल्या खोलीत एका भिंतीशी मोकळी जागा होती. शास्त्रीबुवा तिच्याकडे बघत राहिले.

"इथेच होतं तिचं अंथरूण," विश्वेश्वरराव म्हणाले. "दार दिसावं म्हणून तिने तसं घालायला लावलं."

शास्त्रीबुवा त्या जागी खाली बसले. तिथून दार सरळ दिसत होतं, दारातून गल्ली, गल्लीच्या टोकाशी नदीचा तुकडा. ते तसेच बसून राहिले. विश्वेश्वररावांनी पाणी आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. उन्हं गल्लीतून सरकत गेली.

"अण्णा," लीला शेवटी म्हणाली, "निघायला हवं. नाव जाईल."

"जाऊ दे," शास्त्रीबुवा म्हणाले.