थंडोबाचा हात

त्याला सगळे थंडोबा म्हणत. गाड्यांचे एसी दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि निदानाची रीत एकच: बॉनेट उघडायचं, एसी सुरू करायचा आणि कॉम्प्रेसरचे दोन पाइप दोन मुठींत धरायचे. एक तापलेला, दुसरा गार, म्हणजे कॉम्प्रेसर ठणठणीत. दोन्ही सारखेच, म्हणजे त्याने मान टाकली. प्रेशर मोजायचं गेज होतं, पण ते खोक्यात धूळ खात पडलेलं. "ते नवशिक्यांसाठी," असं हा ऐटीत सांगायचा. आणि खोटं कशाला बोला, गडी कधी चुकला नव्हता.

घरीही तेच. थर्मामीटर आणू या म्हटलं की बायको म्हणायची, "आमचे हे आहेत की!" कुणाचं अंग कढत वाटलं, तर याच्या हाताचा निकाल शेवटचा.

त्या दुपारी शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर आला. गार हवाच येत नाही, पोरं घामाघूम होतात, म्हणाला. थंडोबाने पाइप धरले. दोन्ही सारखेच. "कॉम्प्रेसर गेला तुझा," त्याने सांगून टाकलं.

ड्रायव्हरने सहज एका पाइपाला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. "अहो मिस्त्री, हा तर चटका देतोय! धरलात कसा?"

थंडोबाने तळहात पाहिला. लालबुंद! दुखत मात्र काहीच नव्हतं. "आमची कातडी निबर, बाबा," असं म्हणून तो हसला खरा, पण त्याने गुपचूप गेज काढलं, पुसलं, लावलं. कॉम्प्रेसर उत्तम होता. डॅशबोर्डमागची झडप अडकून हीटरची गरम हवा मिसळत होती, एवढंच. झडप मोकळी करून त्याने व्हॅन वाटेला लावली. बोटांना कधीपासून मुंग्या येत होत्या, ते आता त्याला आठवलं. या हातांशिवाय आपण कोण? तो पुरता घाबरला. कुणापुढे ब्र काढायचा नाही, त्याने ठरवलं.

घरी दारातच बायको नातीला कडेवर घेऊन उभी. "मघापासून किरकिरतेय. बघा हो जरा, ताप आहे का?"

त्याने पोरीच्या कपाळावर हात ठेवला. काही कळेना. हात उलटा करून पाहिला. तरी नाही. पोर मलूल डोळ्यांनी आजोबांकडे बघत होती. "काही नाही, झोपव तिला," एवढं म्हटलं की सुटला असता. बायकोने डोळे झाकून ऐकलं असतं.

"बोला की!"

"तूच बघ," तो म्हणाला. "माझ्या हाताला कळत नाही गं."

थट्टाच वाटली तिला. हसत हसत तिने पोरीच्या कपाळाला हात लावला, आणि तिचं हसू तिथेच थांबलं. पोरीचं अंग भाजत होतं.