पेशीची बेल

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले सर पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. रोज सकाळी आमचा पेपर फुकट वाचायला न्यायचे, आणि दार उघडलं तरी बोट बेलवरच. वर व्याख्यान: “चेतापेशीला कुणी असं सारखं छळलं ना वहिनी, की कॅल्शियम आत घुसतं आणि कात्रीसारखं एक एन्झाइम जागं करतं. ते रिसेप्टरचं प्रोटीनच कापतं. रिसेप्टर म्हणजे पेशीची बेल हो!”

एक्क्याण्णव-ब्याण्णव, दोन वर्षं हेच ऐकून माझं डोकं उठलं. एका रविवारी मेन स्विच बंद करून मी बेलची वायरच कापली.

सोमवारी सरांनी दार बडवलं. उघडलं तर बोट कापलेल्या वायरकडे आणि चेहरा फुललेला. “वहिनी, तुम्हाला समजलं! कॉलेजात एकालाही समजलेलं नाही.”

मी पेपर दिला आणि दुपारी वायर जोडून घेतली.